चौकशीबाईंची खिडकी

नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला यंत्राने सांगितलं, की प्लंबरला बोलवा.

हे घडलं आमच्या सासूबाईंच्या वर्गात, वर्ग नुकताच सुरू झाला होता तेव्हा. वर्ग कसला, तर एआय चॅटबॉटला प्रश्न कसा विचारावा याचा. येणारे सगळे नवखे. कोणाला नातवाने मोबाइल दिलेला, कोणाला दुकानात गिऱ्हाइकांनी चिडवलेलं. नळवाल्यांनी विचारलं होतं, ‘नळ बंद केला तरी गळतो, काय करू?’ यंत्राने आधी पाणी वाचवण्याचं महत्त्व सांगितलं, मग वॉशर बदलून पाहा म्हणालं, आणि तरीही जमलं नाही तर चांगल्या प्लंबरची मदत घ्या, असा प्रेमाचा सल्ला दिला. नळवाले भडकले. माणूस धिप्पाड, आवाज असा की तळमजल्यावर खोकले तर गच्चीवर कळावं.

"अहो बाई, इथले निम्मे नळ मी बसवलेत, आणि हे मला प्लंबरकडे पाठवतंय!"

"तुम्ही कोण, हे त्याला सांगितलंत का?" सासूबाईंनी विचारलं.

नळवाल्यांनी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी एका बोटाने टकटक करत पुन्हा लिहिलं, की मी स्वतः प्लंबर आहे, वॉशर नवा टाकलाय, तो टेकतो ती आतली बैठक घासून झाली, तरी गळतंच, आणि फक्त गरम पाण्याच्या नळातून गळतं, थंड पाण्याच्या नाही. या वेळी उत्तरात पाण्याचं महत्त्व नव्हतं. गरम पाण्याने कुठलं रबर लवकर कडक होतं, त्याऐवजी कुठलं वापरून बघता येईल, असं कामाचं बोलणं होतं. नळवाले ते वाचून गप्प बसले. गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नाही.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दर वर्गात एकदा तरी म्हणतात. घरी किती वेळा म्हणतात ते विचारू नका.

सासूबाईंची सगळी नोकरी बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. लोक त्यांना अजून चौकशीबाई म्हणतात. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा शेजारणीने माझ्या आईला विचारलं होतं, "चौकशीबाईंच्या घरात मुलगी देताय, चौकशी केलीत का?" हा विनोद पुढे इतक्या लोकांनी केला की मी हसायचं सोडून दिलं.

खिडकी म्हणजे एक लाकडी चौकट, तिला काच, काचेला खाली अर्धगोल भोक. बरोबर वर लाउडस्पीकरचा भोंगा. भोंग्यातून गाड्यांची घोषणा चालू असायची आणि भोकातून माणसांचे प्रश्न. "गाडी कधी आहे?" "कुठली?" "घरी जायची." असल्या माणसांशी उभा जन्म बोलल्यामुळे सासूबाईंची एक पक्की समजूत झाली होती. माणसाला जे हवं असतं ते तो विचारत नाही. त्याच्या तोंडाशी जे येतं ते विचारतो. ‘अमुक गाडी लागली का?’ असं कोणी विचारलं आणि तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणालात, तर तो धावत जाऊन बसतो, आणि ती गाडी त्याच्या गावाला थांबतच नाही हे त्याला गाडी सुटल्यावर कळतं. म्हणून सासूबाई आधी विचारायच्या, "उतरायचं कुठे?" रांगेतले मागचे कुरकुरायचे. त्यांच्या जागी पाळीने बसणारा दुसरा कारकून विचारलं तेवढंच सांगायचा, आणि त्याची रांग भराभर सरकायची. सासूबाई त्याच्याबद्दल एकच बोलायच्या, की विचारलं तेवढंच सांगायला माणूस कशाला बसवायचा, भिंतीवर वेळापत्रक आहेच.

निवृत्त झाल्यावर त्या हरवल्यासारख्या झाल्या. पार्सल घेऊन येणाऱ्या पोऱ्याला दारात उभं करून कुठून आलास, इथून पुढे कुठे जाणार, मधला रस्ता का नाही घेत, असं सगळं विचारायच्या. खरं सांगते, त्या दिवसांत मला त्यांची दया यायची आणि वैतागही यायचा, आणि बहुतेक वेळा वैतागच जास्त. मग माझ्या नवऱ्याने त्यांच्या मोबाइलवर चॅटबॉट टाकून दिला. आठवडाभर त्या त्याच्याशी झटापट करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे तर माझंच काम करतंय. फक्त उलटा प्रश्न विचारायला विसरतं." दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या आणि वरची खोली दुपारच्या वेळी मोकळी असते का, याची चौकशी करून आल्या.

बस स्थानक नवं बांधलं तेव्हा जुनी खिडकी भंगारात निघाली होती. ती त्यांनी मागून घेऊन गच्चीवर ठेवली होती. आम्हाला वाटायचं, आठवण म्हणून. ती आता टेम्पोतून वाचनालयात गेली आणि तिथल्या टेबलावर उभी राहिली. काचेला त्यांनी आतून तपकिरी कागद चिकटवला, नुसतं भोक तेवढं उघडं ठेवलं. त्यांची शिकवण्याची रीत अशी, की शिकायला आलेल्यांपैकी एकाने खिडकीआड यंत्र होऊन बसायचं. त्याला विचारणाऱ्याचं तोंड दिसत नाही, वय कळत नाही, हातातली पिशवी दिसत नाही. भोकातून जेवढे शब्द आत येतील तेवढंच त्याचं जग. आणि त्याने उत्तर देण्याआधी एक काम करायचं. विचारणाऱ्याने प्रश्नात आधीच काय ठरवून आणलंय, ते बोलून दाखवायचं.

ही दुसरी अट त्यांनी का घातली, त्याचं कारण दोन शेजारी. वर्गात एक आजोबा होते, आणि त्यांच्याच खाली राहणाऱ्या एक काकू. आजोबांच्या कुंड्यांचं पाणी काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. काकूंनी यंत्राला विचारलं, ‘वरचे लोक मुद्दाम पाणी सांडतात, त्यांना कसं समजावू?’ आजोबांनी विचारलं, ‘खालच्या बाई उगाच भांडण काढतात, त्यांना कसं शांत करू?’ दोघांनाही मनासारखं उत्तर मिळालं. दोघंही एकाच बाकावर बसून मोबाइल एकमेकांच्या नाकासमोर नाचवत होते, बघा, यंत्र माझ्या बाजूने आहे म्हणून. सासूबाई दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"ते कोणाच्याच बाजूने नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ठाऊक आहे ना? तुम्ही प्रश्नातच लिहिलंत की अंगण वाकडं आहे. मग ते बिचारं अंगण सरळ करायचे दहा उपाय सांगणार. नाचणारीचा पाय कोण बघणार?"

त्या दिवसापासून वर्गात तसल्या प्रश्नाला ‘वाकडं अंगण’ असंच नाव पडलं. खिडकीआडून कोणीतरी ओरडायचं, "बाई, वाकडं अंगण आलं!" आणि सगळे हसायचे. वर्ग रंगला. सासूबाई घरी येऊन कोण काय म्हणालं ते पुन्हा सगळं करून दाखवायच्या. चौकशीबाई पुन्हा जाग्यावर आल्या होत्या.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात आधीपासूनच होता. त्यांना ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार नाही. आवाज यायचा, पण शब्द निसटायचे. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. टीव्ही इतका मोठा, की बातम्या पलीकडच्या घरात आमच्याआधी कळाव्यात. आणि या सगळ्याचं खापर फुटलं माझ्या डोक्यावर. माझा आवाज मुळात बारीक. त्यात मी पाळणाघरात काम करते. तिथे दुपारी खोलीभर मुलं झोपलेली असतात आणि एक उठलं की सगळी उठतात, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी दिवसभर ओठांनीच बोलतो. घरी आलं तरी ती सवय सुटत नाही. "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस गं," सासूबाई म्हणायच्या. नवऱ्याला कधी म्हणायच्या नाहीत. तो लिफ्ट दुरुस्त करतो, वरून खाली ओरडून बोलायची त्याला सवय आहे.

"तुझी आई आहे, तू सांग," मी त्याला म्हणायचे.

"मी सांगितलं तर ती चिडेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तुझ्यावर चिडेल."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हे एवढ्या उंदरांना ठरवता आलं नाही, आम्ही तर दोघंच. तरी एकदा त्याने धीर केला. "आई, एकदा कान दाखवून येऊ या का?" "का रे, तुझे दुखतायत?" "माझे नाही, तुझे." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने घर विकायला काढलंय. "या कानांवर हे घर उभं राहिलंय," त्या म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तो विषय तिथेच मिटला.

मग एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात मुलाला काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या. त्यांचा हळू आवाज आमच्या जिन्यापर्यंत पुरतो. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, मला सगळं ऐकू आलं. त्यांनी यंत्राला विचारलं होतं, ‘मनात काही सल असल्यामुळे माझी सून पुटपुटत बोलते. तिला मोकळं कसं करू?’ आणि यंत्राने फार सुंदर उत्तर दिलं होतं. तिला वेळ द्या. तिच्या कामाचं कौतुक करा. जबरदस्ती न करता तिच्याबरोबर फिरायला जा. सासूबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून अंमल सुरू केला. रोज मला बागेत घेऊन जायच्या, बाकावर बसवायच्या, हातावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "मनात काही आहे का?" माझ्या मनात काही नव्हतं. पण रोज कोणी बाकावर बसवून असं विचारू लागलं, तर माणसाच्या मनात हळूहळू काहीतरी येऊ लागतं.

"काही नाही हो आई," मी म्हणायचे.

"बघ, पुन्हा पुटपुटलीस."

गंमत अशी, की वर्गात दुसऱ्याच्या प्रश्नातलं वाकडं अंगण त्या लांबून ओळखायच्या. स्वतःच्या प्रश्नात त्यांनी ते हातभर वाकवलं होतं आणि वर त्याला कुंपणही घातलं होतं.

मी हेही हसण्यावारी नेलं असतं. पण वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंची नात आमच्या पाळणाघरात असते. तिला न्यायला आल्या असताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाईंचा वर्ग रिकामा व्हायला लागलाय. वर्गात एक फुलवाली आहे, ती मागच्या बाकावरून विचारते एक, बाई उत्तर देतात दुसरंच. काहीजण आता विचारतच नाहीत, नुसती मान हलवतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. असंच चाललं तर वर्ग बंद करावा लागेल. मला सांगवत नाही. तुम्ही घरच्या आहात, बघा काय करता येतं ते."

मला भीती वाटली. त्यांची खिडकी एकदा गेली होती तेव्हा त्यांची काय अवस्था झाली होती ते मी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा गेली असती, आणि का गेली हेही त्यांना कोणी सांगितलं नसतं, तर बाई पुन्हा उठल्या नसत्या. मी ठरवलं, आता घंटा मीच बांधायची. सुट्टीच्या दिवशी वर्ग सुटायच्या वेळी जायचं आणि घरी येता येता रस्त्यात सांगून टाकायचं.

मी पोचले तेव्हा वर्ग चालू होता. खोलीत रिकाम्या खुर्च्या बऱ्याच होत्या. मी मागच्या बाकावर फुलवालीशेजारी बसले. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मी आता प्रश्न कागदावर लिहूनच दाखवते बाईंना. त्यांना वाटतं मी फार हुशार झालेय." सासूबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सून वर्गाला आली म्हणजे मोकळी होतेय, असं त्यांना वाटलं असणार.

नळवाले खिडकीआड जाऊन बसत होते. बसता बसता म्हणाले, "बाई, आज प्रश्न तुम्ही टाका. तुमच्या प्रश्नात काही सापडतंय का बघू."

"शोधा की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मजा वाटली. इतकी वर्षं त्या खिडकीच्या आत बसल्या होत्या, आणि वर्गात नेहमी बाजूला उभ्या राहायच्या, सगळ्यांची तोंडं दिसतील अशा. विचारणाऱ्याच्या जागी त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. त्या खिडकीसमोर आल्या, पदर सावरला, आणि माझं नाव न घेण्याचा मोठेपणा दाखवून म्हणाल्या, "आमच्या घरातली एक व्यक्ती मनात सल असल्यामुळे पुटपुटत बोलते. तिला मोकळं कसं करावं?"

सगळ्या वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं.

खिडकीआडून नळवाल्यांचा आवाज आला. "बाई, ती व्यक्ती पुटपुटते हे तुम्ही ठरवूनच आणलंय. सल आहे हेही ठरवून आणलंय. त्या व्यक्तीचंच ऐकू येत नाही, की आणखी कोणाचं?"

सासूबाई वाट बघत उभ्या होत्या. थोडं वाकून त्यांनी भोकाला कान लावला. "हं, सांगा ना."

"सांगितलं की!"

"काय?"

नळवाल्यांनी सगळं पुन्हा म्हटलं. या वेळी काच थरथरली. खालच्या मजल्यावर पेपर वाचणाऱ्यांनीही मान वर केली असणार. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"नळवाले, नीट बोला हो. तुम्हीही पुटपुटायला लागलात?"

एकजण फिसकन हसला आणि लगेच थांबला. बाकी कोणी हसलं नाही. नळवाले पुटपुटतात, हे त्या खोलीत उच्चारलं गेलेलं सगळ्यात अशक्य वाक्य होतं, आणि सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं. सासूबाईंनी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. चेहरे वाचणं हा त्यांचा धंदाच. काकू बोटातली अंगठी फिरवत होत्या. आजोबा छताकडे बघत होते. शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली, आणि मी खाली पाहिलं.

नळवाले खिडकीआडून उठून बाहेर आले. माणूस नाजूक बोलण्यातला नाही. पण ते सासूबाईंच्या समोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मानाने अगदी हळू म्हणाले, "बाई, मी विचारलं, त्या व्यक्तीचंच ऐकू येत नाही, की आणखी कोणाचं?"

तोंड समोर दिसत होतं. शब्दन् शब्द पोचला.

सासूबाईंनी एकदा खिडकीवरच्या तपकिरी कागदाकडे पाहिलं, एकदा नळवाल्यांच्या तोंडाकडे. "आडून बोललात ते आलं नाही," त्या म्हणाल्या. "समोरून बोललात ते आलं."

"हो बाई."

"म्हणजे मी तोंडं वाचतेय."

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पर्समध्ये टाकला, पुन्हा बाहेर काढला. "अंगण सरळ आहे, नळवाले," त्या म्हणाल्या. "आजच्यापुरतं एवढं बास."

घरी जाताना रस्त्यात सांगायचं म्हणून मी जे घोकून आले होते, त्याची आता गरजच उरली नव्हती. घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि मोबाइल उघडला. मी शेजारी बसले, त्यांनी हाकललं नाही.

आधी त्यांनी लिहिलं, ‘वय झाल्यावर ऐकायला कमी येतं का?’ यंत्र म्हणालं, हो, बऱ्याच जणांच्या बाबतीत असं होतं, ते स्वाभाविक आहे. पुढेही काही होतं, पण त्या तिथेच थांबल्या. "बघ, स्वाभाविक आहे," मला म्हणाल्या. मग आपणच तोंड वाकडं केलं. "ताकाला जाऊन भांडं लपवतेय मी."

ते पुसलं आणि लिहायला घेतलं, ‘एका बाईंना...’ तिथेच बोट थांबलं. "एका बाईंना म्हणे! कोण ही? शेजारीण?" वर्गात कोणाला रागवाव्यात तशा त्या स्वतःला रागावल्या.

मग त्यांनी फार सावकाश लिहिलं. त्यांनी लिहिलं, की मला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. तोंड दिसलं तर कळतात. नोकरीत डोक्यावर भोंगा होता. सुनेचं, मुलाचं, नळवाल्यांचं, कोणाचंच आडून बोललेलं कळत नाही. सून पुटपुटते असं मी समजत होते. मी वर्ग घेते, तो मला सोडायचा नाही. काय करू?

एवढं लिहायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं. आम्ही दोघीही उठलो नाही.

उत्तरात सल नव्हता, बाग नव्हती, कौतुक नव्हतं. कानांची तपासणी करून घ्या, लांबवू नका, असं होतं. ऐकण्याचं यंत्र पुष्कळांना उपयोगी पडतं, तपासल्यावर तुमच्यासाठी काय योग्य ते कळेल, असं होतं. वर्गात उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल अशी खुर्ची मांडा, हेही होतं. आणि शेवटी यंत्राने, बहुधा आमच्या घरात पहिल्यांदाच, उलटा प्रश्न विचारला होता. हे साधारण कधीपासून होतंय?

सासूबाईंनी मोबाइल माझ्याकडे वळवला. "हे मला माहीत नाही. कधीपासून?"

मी उठून टेबलाच्या पलीकडे गेले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी बसले. "बरेच दिवस झाले, आई. आपण सोफा बदलला त्याच्याही आधीपासून."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते माझ्या तोंडून निघून गेलं. परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

"विचारलं तेवढंच सांगणारी माणसं मला कधी आवडली नाहीत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मग त्या उठल्या आणि फडकं घेऊन गॅसवर सांडलेलं दूध पुसू लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या चल माझ्याबरोबर. मला तिथलं काही कळलं नाही तर तू सांग. न विचारता सांग."

कान तपासायच्या ठिकाणी एक छोटी बंद खोली असते आणि तिलाही खिडकी असते, काचेची. सासूबाईंना आत बसवलं, कानांना मोठे हेडफोन लावले, आणि आवाज आला की बोट वर करा असं सांगितलं. मी बाहेर तपासनीस बाईंच्या मागे उभी होते. त्या बटण दाबायच्या तेव्हा समोरच्या पट्टीवर एक दिवा लागायचा, म्हणजे आत आवाज गेला. पहिल्या काही दिव्यांना सासूबाईंचं बोट लगेच वर आलं. मग तपासनीस बाईंनी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज सुरू केले. दिवा लागला. सासूबाई सावध बसल्या होत्या, मान किंचित पुढे, डोळे काचेवर, रांगेतल्या पुढच्या माणसाचा प्रश्न येणार म्हणून खिडकीत बसायच्या तशा. बोट हललं नाही. पुन्हा दिवा लागला. पुन्हा लागला. त्या तशाच, अगदी तयारीत, वाट बघत होत्या. माझ्याकडे पाहून थोडंसं हसल्यासुद्धा, अजून सुरू केलं नाही का, असं विचारल्यासारखं.

मला तेव्हा त्यांची इतकी माया वाटली, की मी तोंड फिरवलं. लग्न झाल्यापासून या बाईंबद्दल मला खूप काही वाटलं होतं, पण हे कधी वाटलं नव्हतं.

ऐकण्याचं यंत्र बसलं. दोन्ही कानांना, मागे लपणारं. पहिले काही दिवस त्यांनी सगळ्या जगाशी भांडण काढलं. पंखा एवढा का ओरडतो, चमचे एवढे का आपटता, लोक चपला घासत का चालतात. टीव्हीचा आवाज कमी झाला आणि शेजाऱ्यांनी येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. वर्गात त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मागचे काही महिने मी तुम्हाला जी भलतीच उत्तरं दिली, ती तुमच्या नाही, माझ्याच प्रश्नांची होती. आता जुने प्रश्न घेऊन पुन्हा या. फुलवालीने गेलेल्यांना निरोप धाडले. खरं तर निरोपांचीही गरज नव्हती, नळवाल्यांनी गच्चीवरून हाक मारली असती तरी पुरलं असतं. वाचनालयाच्या ताई परवा नातीला न्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, खुर्च्या कमी पडतायत. खिडकीवरचा कागद अजून तसाच आहे. आता त्याच्याआड बऱ्याचदा सासूबाईच बसतात, आणि बाहेरून कोणी कितीही हळू विचारलं तरी आधी म्हणतात, "उतरायचं कुठे?"

बागेत आम्ही अजून जातो. मनात काही आहे का, हे त्या आता विचारत नाहीत, आणि मी बरंच काही सांगते.

यंत्र बसलं त्याच आठवड्यातली गोष्ट. मी ओट्याशी पाठमोरी उभी होते, हात पिठात होते, आणि रोजच्या माझ्या आवाजात म्हणाले, भाजी खाली लागतेय, गॅस बारीक करता का. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या आल्या आणि गॅस बारीक केला. मी वळून पाहिलं. आम्ही दोघी काही क्षण नुसत्या एकमेकींकडे बघत राहिलो.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "एक सांगू? न विचारता सांगतेय."

"सांगा ना."

"तू खरंच पुटपुटतेस."